दोन दीर्घिकांची टक्कर लॅपटॉपवर: गॅजेट-४ बसवण्याचा आणि निकाल पडताळण्याचा क्रम

इंदुरात भौतिकशास्त्र शिकणारी मराठी मुलं प्रकल्पाच्या दिवसांत ज्या अडचणी घेऊन येतात, त्यांतल्या बहुतेक खगोलशास्त्राच्या नसतातच. एचडीएफ५ (आकडेवारी साठवण्याचा फाइल-प्रकार आणि त्याची लायब्ररी) ची हेडर फाइल सापडत नाही. चार प्रोसेस लावूनही वेग वाढत नाही. सिम्युलेशन शेवटपर्यंत जातं, पण शोधनिबंधातल्या चित्राशी जुळत नाही. या सगळ्यांच्या मुळाशी क्रम चुकलेला असतो. जे सुरुवातीला तपासायचं ते शेवटी तपासलं जातं आणि मग सगळं काम नव्याने करावं लागतं.

इथे गॅजेट-४ हा कोड घेतला आहे. कणांमधलं गुरुत्वाकर्षण मोजून तो दीर्घिकांची हालचाल संगणकावर घडवतो. फोल्कर श्प्रिंगेल आणि सहकाऱ्यांचा हा सी++ मधला कोड खुला आहे आणि त्यावरचा मुख्य शोधनिबंध २०२१ चा. उदाहरण म्हणून त्याच्यासोबत येणारं 'जी२-गॅलक्सी' घेऊ. यात दोन चकती-दीर्घिका एकमेकींवर आदळून एक होतात. हे उदाहरण गॅजेट-२ च्या काळापासूनचं आहे. प्रभामंडलातल्या, म्हणजे दीर्घिकेला वेढणाऱ्या पसाऱ्यातल्या, कृष्णद्रव्याचे ४०,००० कण, चकतीतल्या ताऱ्यांचे २०,००० कण, वायू अजिबात नाही. साध्या लॅपटॉपवर हे आरामात चालतं, आणि चूक झाली तर ती लगेच दिसते. म्हणूनच पहिली धाव याचीच घ्या, मोठ्या विश्वखंडाची नको.

आज्ञा आणि फाइलींची नावं खाली देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत, लहान-मोठ्या लिपीचा फरक पाळून द्यायची. लिनक्स 'कॉन्फिग' मधलं पहिलं अक्षर मोठं की लहान यावर अडून बसतो.

## टप्पा १: 'पुन्हा घडवणं' म्हणजे काय, ते आधी ठरवा

हा टप्पा वगळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. पण नंतरची निराशा इथेच टाळता येते.

दोन वेगळ्या मशीनवर प्रत्येक कण शेवटच्या दशांशापर्यंत त्याच जागी येईल, अशी अपेक्षा धरू नका. संगणकात दशांश संख्यांची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर तिचा शेवटचा अंक बदलतो. प्रोसेस चारऐवजी दोन केल्या, कंपाइलर बदलला, तरी तो क्रम बदलतो. हजारो कण एकमेकांना ओढत असताना असा सूक्ष्म फरक झपाट्याने वाढत जातो. जुळायला हवं ते हे: दीर्घिका पहिल्यांदा जवळून केव्हा जातात, शेपट्या किती लांबवर फेकल्या जातात, विलीन व्हायला किती काळ लागतो, आणि उरलेल्या गोळ्याची घनता केंद्रापासून बाहेर कशी उतरते.

दुसरी गोष्ट, जे घडवायचं आहे ते तुमच्या हातातल्या कोडने घडतं का? आयलस्ट्रिस-टीएनजीची सुंदर चित्रं पाहून अनेक जण तिकडे धावतात. ती सिम्युलेशनं अरेपो या कोडवर केली आहेत. अरेपोची खुली आवृत्ती मिळते, पण टीएनजीचं दीर्घिकानिर्मितीचं पूर्ण भौतिकशास्त्र तिच्यात नाही. शिवाय टीएनजी-१०० मध्ये कृष्णद्रव्याचेच १८२० चा घन इतके कण आहेत. तो निकाल हवा असेल तर त्यांचा खुला डेटा उतरवून विश्लेषण करा. सिम्युलेशन स्वतः चालवण्याचा हट्ट तिथे धरू नका.

तपासा: कोणतं चित्र किंवा कोणता आलेख जुळवायचा आहे, त्यातल्या अक्षांची एककं कोणती, आणि किती फरक चालेल, हे तीन मुद्दे वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: मशीन तयार करा

उबुंटू थेट बसवलेलं असेल तर उत्तम. विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चालतं, पण तीन गोष्टी सांभाळा. सगळं काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये करा. सी ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइली तिथून फार हळू वाचल्या जातात. डब्ल्यूएसएलला मूळ रॅमपैकी साधारण निम्मीच मिळते, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर सुमारे ४ जीबी, हे मेमरीच्या हिशेबात धरा. आणि पॅरामीटर फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका. विंडोजची ओळ संपवण्याची खूण वेगळी असते. ती आत शिरली की कोड नीट दिसणाऱ्या ओळीवरही तक्रार करतो. शिरलीच असेल तर 'डॉस-टू-युनिक्स' नावाचं छोटं साधन ती काढून टाकतं.

अॅनाकोंडा (पायथनचा तयार संच, थोडक्यात कोंडा) बसवलेला असेल तर कंपाइल करण्याआधी तो निष्क्रिय करा. त्याच्या पोटात बऱ्याचदा स्वतःची एमपीआय (अनेक प्रोसेसना मिळून काम करू देणारी लायब्ररी) आणि स्वतःची एचडीएफ५ असते. कंपाइल एका लायब्ररीने आणि चालवणं दुसरीने, हा घोळ शोधून काढायला अतिशय त्रासदायक असतो.

## टप्पा ३: लायब्ररी, आणि त्याही एकाच घरच्या

उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरमधून हे घ्या: बिल्ड-इसेन्शियल, गिट, ओपन-एमपीआय (चालवण्याचा भाग आणि डेव्ह, दोन्ही), जीएसएल-डेव्ह, एफएफटीडब्ल्यू-३-डेव्ह, एचडीएफ५-डेव्ह, पायथन-३, आणि विश्लेषणासाठी नमपाय, एच५पाय, मॅटप्लॉटलिब.

'डेव्ह' हा शेपटाचा भाग विसरू नका. नुसती लायब्ररी असली तर तयार प्रोग्राम चालतात, पण नवा कोड कंपाइल होत नाही, कारण हेडर फाइली डेव्ह पॅकेजमध्ये असतात.

जुन्या ट्यूटोरियलमधून गॅजेट-२ च्या सूचना इथे उचलू नका. गॅजेट-२ ला एफएफटीडब्ल्यूची दुसरी आवृत्ती लागते, गॅजेट-४ ला तिसरी. दोन्हींची फंक्शनं वेगळी आहेत आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

तपासा: 'व्हिच एमपीआयसीएक्सएक्स' आणि 'व्हिच एमपीआयरन' अशा दोन आज्ञा द्या. दोन्हींची उत्तरं एकाच फोल्डरमधली हवीत. एक यूएसआर-बिनमधलं आणि दुसरं कोंडाच्या फोल्डरमधलं आलं, तर इथेच थांबून ते सरळ करा.

## टप्पा ४: कोड उतरवा आणि आवृत्ती गोठवा

कोड माक्स प्लांक संस्थेच्या गिटलॅबवर आहे. तिथून गिट-क्लोन करा. झिप फाइल उतरवू नका, कारण झिपमध्ये आवृत्तीचा इतिहास नसतो. उतरल्यावर लगेच 'गिट लॉग' देऊन सर्वांत वरच्या कमिटची (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाची) ओळख एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदवा. त्याच फाइलमध्ये कंपाइलरची, एमपीआयची आणि एचडीएफ५ची आवृत्तीही लिहा.

पुढे काम अर्ध्यावर असताना 'गिट पुल' करू नका. नवं काही हवंच असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये नवा क्लोन घ्या.

## टप्पा ५: कंपाइल

सर्वाधिक वेळ इथे जातो, म्हणून थोडं सावकाश.

पहिलं काम: 'टेम्प्लेट-मेकफाइल-डॉट-सिसटाइप' या फाइलची प्रत 'मेकफाइल-डॉट-सिसटाइप' नावाने करा आणि तिच्यातल्या 'जेनेरिक-जीसीसी' ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढा. फक्त एकाच ओळीचं काढा. दोन ओळी उघड्या राहिल्या तर कोणते पाथ लागू झाले हे कळत नाही.

दुसरं: उदाहरणाच्या फोल्डरची पूर्ण प्रत 'मायसिम्स' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये घ्या. मूळ उदाहरणाला हात लावू नका. पुढे तुलनेला तेच लागेल. मग 'मेक' ही आज्ञा 'डीआयआर बरोबर तुमचा फोल्डर' असं जोडून द्या. मेक त्या फोल्डरमधली 'कॉन्फिग-डॉट-एसएच' वाचतो आणि तयार प्रोग्रामही तिथेच ठेवतो. प्रत्येक धावेचा स्वतःचा फोल्डर, स्वतःची कॉन्फिग, स्वतःचा प्रोग्राम: ही सोय वापरली की कोणता निकाल कोणत्या प्रोग्रामचा, हा गोंधळ होत नाही.

आता हमखास येणाऱ्या चुका.

'एचडीएफ५-डॉट-एच सापडत नाही.' उबुंटू ही हेडर फाइल नेहमीच्या जागी ठेवत नाही. ती यूएसआर-इन्क्लूडच्या आत 'एचडीएफ५' आणि त्याच्या आत 'सीरियल' या फोल्डरमध्ये असते. लायब्ररीचंही तसंच: यूएसआर-लिबमधल्या 'एक्स८६-६४-लिनक्स-जीएनयू' च्या आत 'एचडीएफ५' आणि 'सीरियल'. कोडच्या 'बिल्डसिस्टम' फोल्डरमध्ये पाथांच्या फाइली आहेत. तुमच्या सिसटाइपला लागू होणारी उघडा आणि एचडीएफ५ची दोन्ही ठिकाणं लिहा. एकच लिहिलं तर कंपाइल होतं पण शेवटी जोडणीच्या वेळी 'एल-एचडीएफ५ सापडत नाही' असं येतं. नेटवर सुचवतात तशी हेडर फाइल उचलून यूएसआर-इन्क्लूडमध्ये टाकू नका. ती पुढच्या अपडेटला जुनी होते आणि मग दोन आवृत्त्यांची सरमिसळ होते.

'पायथन सापडत नाही.' कॉन्फिगमधले पर्याय तपासायला मेक पायथन वापरतो. नव्या उबुंटूवर आज्ञेचं नाव 'पायथन३' आहे. 'पायथन-इज-पायथन३' हे पॅकेज बसवलं की प्रश्न मिटतो.

कॉन्फिग बदलताना एक भौतिक चूक फार होते: 'पीरिऑडिक' हा पर्याय चालू ठेवणं. तो विश्वखंडाच्या सिम्युलेशनसाठी आहे. दोन सुट्या दीर्घिकांच्या धावेत तो चालू राहिला, तर खोक्याच्या पलीकडच्या त्यांच्याच प्रतिमा त्यांना ओढू लागतात. कोड तक्रार करत नाही, चित्रही दीर्घिकांसारखंच दिसतं, पण कक्षा चुकलेली असते.

इशारा: त्रुटींची यादी लांबलचक आली तर शेवटची ओळ वाचू नका. वर जाऊन पहिली त्रुटी शोधा. खालच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात.

## टप्पा ६: आरंभस्थिती

कण सुरुवातीला कुठे आणि किती वेगात, हे सांगणारी फाइल कोडच्या रेपॉझिटरीत नसते. उदाहरणांच्या आरंभस्थिती वेगळ्या उतरवाव्या लागतात. पॅरामीटर फाइलमध्ये तिचा पूर्ण पाथ द्या. या उदाहरणाच्या फाइलच्या नावात 'लिटल-एंडियन' असं आहे. आजच्या सर्व नेहमीच्या लॅपटॉपांना तोच बाइटक्रम चालतो. फाइलचा प्रकार जुना, म्हणजे 'आयसी-फॉरमॅट' १ आहे. निकाल मात्र एचडीएफ५ मध्ये हवेत, म्हणून 'स्नॅप-फॉरमॅट' ३. दोन्हींना एकच आकडा द्यायची चूक करू नका.

तपासा: कोड सुरू झाल्यावर तो किती कण वाचले ते छापतो. एकूण ६०,००० यायलाच हवेत.

## टप्पा ७: पॅरामीटर फाइल आणि एककं

दुसऱ्या उदाहरणाची पॅरामीटर फाइल आणून इथे चिकटवू नका. कोणते पॅरामीटर लागतात हे कॉन्फिगवर अवलंबून असतं. एखादा कमी पडला तरी कोड थांबतो, आणि अनोळखी असला तरी थांबतो. त्याची ही कडक शिस्त आपल्या फायद्याची आहे. अडलेल्या पॅरामीटरला कुठला तरी आकडा देऊन पुढे ढकलण्याऐवजी तो कोणत्या पर्यायामुळे मागितला जातोय ते पाहा.

एककं: लांबीचं एकक ३.०८५६७८ गुणिले १० चा २१ वा घात सेंटिमीटर, म्हणजे १ किलोपारसेक. वस्तुमानाचं १.९८९ गुणिले १० चा ४३ वा घात ग्रॅम, म्हणजे १,००० कोटी सूर्य. वेगाचं १ किलोमीटर प्रति सेकंद. या तिन्हींतून काळाचं एकक आपोआप ठरतं: सुमारे ९७.८ कोटी वर्षं. म्हणून 'टाइम-मॅक्स' ३ लिहिलं तर धाव सुमारे २९३ कोटी वर्षांची होते. शोधनिबंधातलं चित्र १०० कोटी वर्षांचं असेल तर तुमच्या १.० च्या नाही, साधारण १.०२ च्या स्नॅपशॉटशी (त्या क्षणी सगळे कण कुठे आहेत याच्या फाइलशी) ते जुळवायचं.

तपासा: सुरुवातीला कोड गुरुत्वस्थिरांक स्वतःच्या एककांत छापतो. तो ४३,००० च्या आसपास हवा. ४३ च्या आसपास दिसला तर लांबीचं एकक मेगापारसेक झालं आहे. ही एक ओळ पाहायला काही सेकंद लागतात आणि अख्खी धाव वाचते.

'मॅक्स-मेम-साइझ' हा आकडा मेगाबाइटमध्ये आणि दर प्रोसेसचा असतो. लिनक्स शेअर्ड मेमरीसाठी साधारण निम्मी रॅम राखतो. 'डीएफ-एच' आज्ञा देऊन 'डेव्ह-एसएचएम' ची ओळ पाहा. ८ जीबी रॅम, म्हणजे तिथे सुमारे ४ जीबी. चार प्रोसेस असतील तर प्रत्येकी ८०० पुरे. डॉकरमध्ये चालवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं: तिथे ही जागा मुळात फक्त ६४ एमबी असते आणि कंटेनर सुरू करतानाच वाढवावी लागते.

## टप्पा ८: धाव

'एमपीआयरन', प्रोसेसची संख्या, प्रोग्राम, पॅरामीटर फाइल, या क्रमाने आज्ञा द्या. संख्या खऱ्या कोअरइतकी ठेवा. चार कोअर आणि आठ थ्रेडच्या लॅपटॉपवर आठ मागितल्या तर ओपन-एमपीआय 'पुरेशा जागा नाहीत' म्हणून नकार देतो. त्याला जबरदस्तीने मान्य करायला लावणारा पर्याय आहे, पण त्याने धाव बहुधा आणखी मंदावते.

'काका, चार प्रोसेस लावल्या तरी वेग एकीइतकाच,' असं कुणी सांगितलं की मी आधी सुरुवातीचं छापील पान मागतो. त्यात 'एका प्रोसेसवर चालू' हे वाक्य चार वेळा दिसतं. याचा अर्थ चार जण मिळून एक काम करत नाहीत. चौघेही तेच काम स्वतंत्रपणे करून एकमेकांच्या फाइली खोडताहेत. कारण टप्पा ३ मधलंच: कंपाइल एका एमपीआयने, चालवणं दुसरीने.

धाव सुरू करताना पडद्यावरचं सगळं एका लॉग फाइलमध्येही जाऊ द्या. त्याशिवाय वरच्या कुठल्याच तपासण्या नंतर करता येत नाहीत.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. तापलेला लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो, म्हणून लांब धाव रात्री लावा, चार्जर जोडूनच. वीज जाण्याची भीती असेल तर रीस्टार्ट फाइल किती वेळाने लिहायची तो पॅरामीटर लहान ठेवा. मध्येच सभ्यपणे थांबवायचं असेल तर निकालाच्या फोल्डरमध्ये 'स्टॉप' नावाची रिकामी फाइल तयार करा; कोड रीस्टार्ट फाइली लिहून थांबतो. पुन्हा सुरू करताना आज्ञेच्या शेवटी १ जोडा.

इशारा: तो १ विसरलात तर धाव शून्यापासून सुरू होते आणि जुन्या स्नॅपशॉटांच्या जागी नवे लिहिले जातात. शिवाय पुन्हा सुरू करताना प्रोसेसची संख्या पहिल्याइतकीच हवी.

## टप्पा ९: पडताळणी

'धाव पूर्ण झाली' याचा अर्थ 'निकाल बरोबर' असा घेऊ नका. पुढचा क्रम पाळा.

पहिला स्नॅपशॉट एच५पायने उघडा. 'पार्टटाइप१' मध्ये ४०,००० आणि 'पार्टटाइप२' मध्ये २०,००० कण आहेत का पाहा. चकती पाहायची तर दुसरा प्रकार आखायचा. सगळे कण एकत्र आखून 'नुसता ढग दिसतोय' म्हणणारे बरेच भेटतात. तो ढग प्रभामंडलाचा असतो.

मग ऊर्जा. 'एनर्जी-डॉट-टीएक्सटी' मधली गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज काढा. टकरीत दोन्ही जोरात वर-खाली होतील, पण बेरीज जवळजवळ स्थिर राहायला हवी. स्थितिज ऊर्जेचा स्तंभ शून्य दिसला तर पोटेन्शियल काढण्याचा पर्याय कॉन्फिगमध्ये बंद आहे. बेरीज एक-दोन टक्क्यांहून जास्त सरकली तर मी तो निकाल वापरत नाही. वेळेच्या अचूकतेचा पॅरामीटर निम्मा करून पुन्हा चालवतो.

शेवटी दोन धावांची तुलना: एक दोन प्रोसेसवर, एक चारवर. इथली नेहमीची चूक म्हणजे दोन फाइलींतल्या ओळी थेट एकमेकींतून वजा करणं. स्नॅपशॉटमध्ये कणांचा क्रम ठरलेला नसतो. आधी 'पार्टिकल-आयडी' प्रमाणे लावून घ्या. लावल्यावर सुरुवातीचे स्नॅपशॉट जवळजवळ जुळतील, टकरीनंतरचे कणागणिक जुळणार नाहीत. घनतेचा आलेख मात्र दोन्हींत एकावर एक बसायला हवा. तो बसत नसेल तर फरकाचा दोष बेरजेच्या क्रमावर ढकलू नका. कॉन्फिग किंवा पॅरामीटर कुठेतरी वेगळा आहे. गॅजेट-४ दोन्हींची नोंद एचडीएफ५ स्नॅपशॉटमध्येच ठेवतो. 'कॉन्फिग' आणि 'पॅरामीटर्स' हे गट उघडून ओळीला ओळ लावा.

## टप्पा १०: यानंतरचं उदाहरण

टक्कर जुळली की 'डीएम-एल५०-एन१२८' घ्या. १२८ चा घन, म्हणजे २०,९७,१५२ कण, ५० मेगापारसेक भागिले एच बाजूच्या खोक्यात. (एच म्हणजे हबल स्थिरांक भागिले १००, सुमारे ०.७.) याची आरंभस्थिती कोड स्वतः तयार करतो, त्यामुळे वेगळं काही उतरवावं लागत नाही. पण पॅरामीटर फाइलमधला 'सीड' बदलला की विश्वच वेगळं होतं. तो टिपून ठेवा.

इथे प्रत्येक लांबीत आणि वस्तुमानात 'एच' लपलेला असतो, आणि निरीक्षणांवरचे शोधनिबंध बऱ्याचदा तो काढून लिहिलेले असतात. ०.७ ने भागायचं राहिलं तर निकाल तीस टक्क्यांनी कमी येतो. तुलनेआधी दोन्हीकडची एककं शेजारी-शेजारी लिहा.

या धावेत एका कणाचं वस्तुमान सुमारे ५०० कोटी सूर्य भागिले एच इतकं भरतं. आपल्या आकाशगंगेएवढं प्रभामंडल म्हणजे दीड-दोनशे कण. त्यात सर्पिल बाहू शोधू नका, ते दिसणार नाहीत. किती वस्तुमानाची प्रभामंडलं किती आहेत हा आलेख काढा. तो या विभेदनातही भरवशाचा असतो. त्यातही शंभराहून कमी कणांची प्रभामंडलं मी वगळतो. याहून बारकाई हवी असेल तर लॅपटॉप सोडून क्लस्टरकडे जावं लागेल. इंदुरजवळ सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे किंवा इतरत्र कुणाकडे संगणकवेळ मागायला जाताना कमिटची नोंद, कॉन्फिग, पॅरामीटर फाइल, लॉग आणि दोन आणि चार प्रोसेसांच्या तुलनेचा आलेख एवढं सोबत न्या.